सावलीतले झुडूप: सह्याद्रीतील कॉफीचा इतिहास

कॉफी हे मुळात अरण्यातले झुडूप आहे. इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातील डोंगरी जंगलांत ते आजही उंच वृक्षांच्या छपराखाली, पानापानांतून झिरपणाऱ्या उन्हावर वाढते. 'अरेबिका' हे नाव त्याला लिनियसने १७५३ मध्ये दिले. युरोपला कॉफी अरबस्तानातून ठाऊक झाली होती, म्हणून हे नाव पडले. जन्मभूमी मात्र तांबड्या समुद्राच्या अलीकडची नव्हे, पलीकडची, आफ्रिकेतली. सह्याद्रीत हे झुडूप आल्यानंतर त्याच्या वाट्याला जे बरे-वाईट आले, त्यातले बरेचसे या अरण्यातल्या जन्माशी जोडलेले आहे. सावली दिली तेव्हा ते टिकले आणि उघड्यावर लावले तेव्हा पोखरले गेले.

कॉफीचे कुल रुबिएसी, म्हणजे कदंब, पेंटगूळ, मंजिष्ठ आणि सिंकोना यांचेच. झुडूप सदाहरित असते. पाने समोरासमोर, गर्द हिरवी, तुकतुकीत आणि कडेला किंचित लहरती. मोकळे सोडले तर अरेबिका चार ते सहा मीटर वाढते, रोबस्टा त्याहून उंच जाते. मळ्यात मात्र तोडणीसाठी हात पोहोचावा म्हणून ते छाटून ठेवतात. पानांच्या बगलेत पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांचा वास जाईची आठवण करून देतो. फळ आधी हिरवे, पिकल्यावर लालभडक होते. आत गोडसर, बुळबुळीत गर आणि सपाट बाजूने एकमेकांना टेकलेल्या दोन बिया असतात. प्रत्येक बीवर एक कडक कवच आणि त्याखाली चंदेरी पापुद्रा. क्वचित एकच बी पोसते आणि गोल होते. त्या दाण्याला 'पीबेरी' म्हणतात आणि बाजारात त्याला वेगळा भाव मिळतो.

व्यापारात महत्त्वाच्या जाती दोन. अरेबिका स्वपरागित असून तिला उंची आणि गारवा लागतो. भारतात ती साधारण एक हजार ते दीड हजार मीटर उंचीवर होते. रोबस्टा (कॉफिया कॅनेफोरा) परपरागित आहे, खालच्या उंचीवर आणि दमट हवेत फोफावते आणि रोगाला सहसा दाद देत नाही. अरेबिकाच्या दाण्यात कॅफीन सव्वा टक्क्याच्या आसपास असते, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. हे कॅफीन जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने १८१९ मध्ये वेगळे केले. त्याच्या हाती कॉफीचे दाणे देऊन तपासायला सांगणारा माणूस होता कवी ग्योथे.

कॉफी पेय म्हणून प्रथम स्थिरावली ती येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. रात्रभर जिक्र करणाऱ्या सूफी साधकांना जागे राहण्यासाठी ती हवी होती. तेथून ती मक्का, कैरो आणि इस्तंबूलला पोहोचली. कॉफी पिण्यासाठी माणसे एकत्र बसू लागली की राज्यकर्त्यांना संशय यायचा. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, पण कैरोहून ती उठवली गेली. पुढच्या दीडशे वर्षांत येमेनचे मोखा हे बंदर कॉफीच्या व्यापाराचे केंद्र बनले. येमेनी व्यापारी बी उकळून किंवा भाजूनच परदेशी पाठवत, जेणेकरून ते दुसरीकडे रुजू नये, असे परंपरेने सांगितले जाते.

या व्यापारात भारताचा पश्चिम किनारा सुरुवातीपासूनच होता. सुरतेचे व्यापारी मोख्याला कापड नेत आणि परतीच्या गलबतांत कॉफी भरून आणत. चौल-दाभोळच्या बंदरांचेही तांबड्या समुद्राशी जुने येणे-जाणे होते. कॉफीच्या दाण्यांना मराठीत 'बुंद' हा जुना शब्द आहे. अरबीतील 'बुन्न' या शब्दाचे ते रूप. सर टॉमस रो याच्यासोबत जहांगीरच्या दरबारी आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने येथील धार्मिक वृत्तीचे लोक दारूऐवजी कॉफी पितात, अशी नोंद केली आहे. म्हणजे झुडूप रुजण्यापूर्वीच पेय इथे पोहोचले होते. अठराव्या शतकातल्या दिल्लीत, चांदणी चौकात, कहवाखान्यांत शायर जमत.

झुडूप कसे आले याची कथा दक्षिणेत घरोघर सांगितली जाते. बाबा बुडन नावाचे सूफी फकीर हजला गेले आणि सतराव्या शतकात परतताना येमेनहून सात बिया आपल्याबरोबर घेऊन आले. काही जण सांगतात त्या कमरेला बांधल्या होत्या, काही सांगतात दाढीत लपवल्या होत्या. सात हा आकडा पवित्र मानला जातो, म्हणून सात. चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतातील आपल्या गुहेपाशी त्यांनी त्या लावल्या. या पर्वतालाच आज बाबाबुडनगिरी म्हणतात. कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी (सुमारे १,९३० मीटर) याच रांगेत आहे. ही गुहा मुसलमानांना दर्गा म्हणून आणि हिंदूंना दत्तात्रेयाचे पीठ म्हणून पूज्य आहे. दत्तसंप्रदायाशी जवळीक असलेल्या मराठी वाचकाला कॉफीच्या भारतातील पहिल्या बागेचा हा शेजार लक्षात ठेवण्याजोगा वाटेल. कथेत तपशील किती खरे, हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट निश्चित आहे. व्यापारी कंपन्या येण्यापूर्वीच या डोंगरांत कॉफी परसात लावली जात होती. घराच्या मागे, फणसाच्या-आंब्याच्या सावलीत, भाजीपाल्यासारखी.

जगाच्या कॉफीच्या नकाशात भारताच्या किनाऱ्याने बजावलेली भूमिका त्यामानाने कमी सांगितली जाते. डचांनी १६९६ मध्ये मलबारहून कॉफीची रोपे जावाला नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा मलबारहूनच रोपे गेली आणि ती लागली. जावातले एक झाड १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोहोचले, त्याच्या वंशातले एक रोप १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजर झाले, आणि त्याच वंशाची रोपे पुढच्या दशकात कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेत गेली. ब्राझीलमध्ये कॉफी १७२७ मध्ये पोहोचली. अमेरिका खंडात दीर्घकाळ लावली गेलेली 'टिपिका' ही जात अशी मलबारच्या किनाऱ्यावरून फिरून गेलेली आहे.

भारतात मात्र त्यानंतर शंभर वर्षे कॉफी परसबागेतच राहिली. १७९९ मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरच्या डोंगराळ मुलखात कंपनीचा शिरकाव झाला. १८२० च्या दशकात मद्रासच्या पॅरी कंपनीच्या जॉली याने बाबाबुडन भागात जमीन मिळवली; १८३० च्या सुमारास टॉमस कॅनन याने चिकमगळूरच्या दक्षिणेला मळा उभा केला. कोडगू १८३४ मध्ये खालसा झाले आणि तिथे १८५४ मध्ये मडिकेरीजवळ फौलर या इंग्रजाने पहिला मोठा मळा घातला. मग वायनाड, निलगिरी आणि शेवरॉयच्या डोंगरांत धाव सुरू झाली. घाटावर काम करायला माणसे घाटाखालून, दक्षिण कन्नडच्या किनाऱ्यावरून आणि तमिळ मुलखातून येत. ती आणण्याचे काम मेस्त्री करी. हंगामाआधी तो उचल देई आणि त्या उचलीत मजूर वर्षानुवर्षे बांधला जाई. कॉफीच्या जुन्या पुस्तकांत मळेवाल्यांची शिकार, घोडे आणि बंगले भरभरून येतात. उचल घेऊन पावसात घाट चढणाऱ्या बाया-पुरुषांबद्दल फार थोडे येते. मळे त्यांनीच उभे केले हे नोंदवणे भाग आहे.

या धावपळीत नव्या मळेवाल्यांनी एक मोठी चूक केली. सिलोनमध्ये अरण्य पूर्ण तोडून, जाळून, उघड्या टेकडीवर कॉफी लावत असत आणि पहिली काही वर्षे पीक भरभरून येई. कोडगूतही अनेकांनी तोच कित्ता गिरवला. उघड्या मळ्यातली कॉफी लवकर फळाला येते, हे खरेच. पण १८६० च्या दशकात खोडात पोखरणारा किडा वणव्यासारखा पसरला. हा काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा भुंगेरा आपली अंडी सालीच्या चिरांत घालतो आणि त्यासाठी त्याला ऊन लागलेले, कोरडे खोड आवडते. अळी खोडाच्या आत वेटोळी वाट कोरत जाते. झुडूप बाहेरून पुष्कळ दिवस हिरवे दिसते. मग पाने एकाएकी पिवळी पडतात आणि हाताने वाकवले तर खोड कट्कन मोडते, आत भुसा निघतो. एकरामागून एकर असे गेले. मद्रास सरकारने पाठवलेल्या डॉ. जॉर्ज बिडी यांनी १८६९ मध्ये यावर अहवाल दिला. त्यांच्या मते दोष किड्याचा कमी आणि सावली तोडणाऱ्यांचा जास्त होता.

बाबा बुडनच्या वेळेपासून चालत आलेली 'चिक' ही स्थानिक कॉफी या दशकात जवळजवळ संपली आणि तिच्या जागी 'कूर्ग' नावाचा वाण आला. पण त्याच सुमारास दुसरे संकट आले. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीच्या पानांखाली केशरी भुकटीचे ठिपके दिसले. गव्हावरचा तांबेरा मराठी शेतकऱ्याला ठाऊक असतो; त्याच प्रकारची ही बुरशी, हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स. पाने गळतात, झुडूप बोडके होते, पुढच्या वर्षी फळ येत नाही. वीस वर्षांत सिलोनची कॉफी बसली आणि तिथल्या टेकड्यांवर चहा उभा राहिला. भारतातही वायनाड आणि निलगिरीतले अनेक मळे चहाकडे वळले. म्हैसूर आणि कोडगूत मात्र कॉफी टिकली. मंजराबादमध्ये (आजचे सकलेशपूर) मळा करणारा रॉबर्ट इलियट याने १८९४ च्या आपल्या पुस्तकात सावलीच्या वृक्षांवर स्वतंत्र विवेचन केले आहे: कोणते झाड ठेवावे, कोणते काढावे, कोणाची सावली दाट, कोणाची विरळ. हे ज्ञान त्याला पुस्तकांतून मिळाले नव्हते. परसात कॉफी लावणाऱ्या स्थानिक शेतकऱ्यांनी ते कधीपासून जपले होते. मळेवाल्यांना ते कळायला दोन पिकांचा बळी जावा लागला.

सावलीने खोडकिडा आटोक्यात राहतो, तांबेरा मात्र पूर्ण थांबत नाही. म्हणून पुढची पन्नास वर्षे वाणांच्या शोधाची ठरली. १९११ मध्ये केंट नावाच्या मळेवाल्याने चिकमगळूर भागातल्या आपल्या दोड्डनगुड्डा मळ्यातून तांबेऱ्याला तोंड देणारे एक झुडूप निवडले आणि 'केंट' वाण आला. म्हैसूर सरकारने १९२५ मध्ये बाळेहोन्नूरजवळ कॉफीचे संशोधन केंद्र काढले. तांबेऱ्याच्या बुरशीतही वेगवेगळे वंश असतात आणि एका वंशाला न बधणारे झुडूप दुसऱ्याला बळी पडते, हे तिथे विल्सन मेन यांनी दाखवून दिले. केंटची ताकद काही वर्षांत का ओसरली याचा उलगडा त्यातून झाला. त्या केंद्राचा सर्वांत टिकाऊ वाण एस. ७९५. त्याच्या पूर्वजांत अरेबिका आणि लायबेरिका यांचा नैसर्गिक संकर आणि दुसऱ्या बाजूने केंट आहे. १९४० च्या दशकातला हा वाण आजही भारतात मोठ्या क्षेत्रावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोबस्टा आली आणि खालच्या उताराच्या, जास्त पावसाच्या जमिनीवर तिने हळूहळू जागा घेतली. आज भारताच्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे, आणि कर्नाटकाचा वाटाही जवळजवळ तेवढाच.

१९३० च्या मंदीत भाव कोसळले, तेव्हा १९३५ मध्ये कॉफी उपकर कायदा झाला. उपकर समितीने देशात कॉफी पिणारे वाढवण्यासाठी कॉफी हाऊस काढायचे ठरवले आणि पहिले काढले ते मुंबईत, चर्चगेटला, १९३६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडल्यावर १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळाला मोठे अधिकार मिळाले. पिकवणाऱ्याने आपली सारी कॉफी मंडळाच्या 'पूल'मध्ये द्यायची आणि मंडळाने ती लिलावात विकायची. या पद्धतीने लहान शेतकऱ्याला आधार दिला, पण पैसे हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येत. १९५० च्या दशकात मंडळाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. बंगळूरची पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ ला उभी राहिली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली, भाव गडगडले आणि टप्प्याटप्प्याने १९९६ पर्यंत पूल संपला. आता शेतकरी आपली कॉफी खुल्या बाजारात विकतो.

लागवडीची रीत या सगळ्या अनुभवातून बसली आहे. बी डिसेंबर-जानेवारीत वाळूच्या गादीवर पेरतात. सुमारे दीड महिन्यात अंकुर वर येतो तो डोक्यावर बीचे कवच घेऊनच, म्हणून रोपवाटिकेत या अवस्थेला 'टोपी' म्हणतात. मग रोप पिशवीत जाते आणि पावसाळ्यात मळ्यात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते आणि नीट राखले तर चाळीस-पन्नास वर्षे देते. खोड अडीच फुटांवर खुडून आडव्या फांद्यांचा पहिला थर आणि पाच फुटांवर दुसरा थर घेतात. उभे फुटवे सतत काढावे लागतात. सावलीचे दोन मजले असतात. खाली पांगारा, ज्याच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटून उजेड आत घेता येतो. वर फणस, उंबर, शिसव, सिल्व्हर ओक. या उंच झाडांवर मिरीचे वेल चढवतात आणि अनेक मळ्यांत वाईट वर्षी मिरीच घर सांभाळते.

वर्षातला निर्णायक काळ मार्च-एप्रिल. थंडीत तयार झालेल्या कळ्या तशाच थांबून असतात. वळवाचा पाऊस इंचभर पडला की आठ-दहा दिवसांनी एका सकाळी सारा मळा एकदम पांढरा होतो. फांदीन् फांदी फुलांनी माखलेली असते, मधमाश्यांचा घुमघुमाट लांबून ऐकू येतो. तीन-चार दिवसांत फुले तपकिरी होऊन गळतात. त्यानंतर काही आठवड्यांत दुसरी सर आली नाही तर फळ धरत नाही. वळीव चुकला की वर्ष चुकते, म्हणून रोबस्टाच्या मळ्यांत तळी खोदून तुषार सिंचनाने हा पाऊस पाडतात. अरेबिकाचे फळ आठ-नऊ महिन्यांत पिकते, रोबस्टाचे दहा-अकरा.

नोव्हेंबरपासून तोडणी. पिकलेलीच फळे हाताने वेचायची, म्हणून त्याच झुडपाकडे तीन-चार वेळा परतावे लागते. तोडलेली फळे त्याच दिवशी पल्परमध्ये घालून साल काढतात, बुळबुळीत गर आंबवून धुतात आणि कवचासह दाणे खळ्यावर उन्हात वाळवतात. हा 'पार्चमेंट' माल. दुसरी रीत सोपी: फळ आहे तसेच वाळवायचे, तो 'चेरी' माल. साधारण सहा किलो फळांतून एक किलो साफ दाणा निघतो. जुन्या काळी पार्चमेंट बैलगाडीने घाट उतरून मंगळूर आणि तेलिचेरीला जाई, कवच काढण्याचे कारखाने तिथे होते.

'मॉन्सून्ड मलबार' ही याच किनाऱ्याची देणगी. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोहोचेपर्यंत महिने लागत. समुद्रावरच्या दमट हवेत दाणे फुगत, पिवळे पडत, त्यांची आंबट धार जाई. सुएझ कालवा आणि वाफेची जहाजे आल्यावर माल लवकर आणि हिरवाच पोहोचू लागला आणि जुन्या गिऱ्हाइकांना चव बदललेली वाटली. तेव्हा किनाऱ्यावरच्या मोकळ्या गोदामांत जून ते सप्टेंबर चेरी मालाचे थर पसरून, वरखाली करून, सैल पोत्यांत भरून तोच परिणाम साधू लागले. मुसळधार पावसाळा असलेल्या किनाऱ्यालाच हे जमते. या मालाला भौगोलिक मानांकन आहे. कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि आंध्रातील अराकू खोऱ्याची अरेबिका यांना ते २०१९ मध्ये मिळाले. अराकूच्या मळ्यांचे मालक आदिवासी शेतकरी आहेत आणि त्यांची कॉफीही वृक्षांच्या सावलीतच वाढते.

दाण्याचा उपयोग पेयापुरताच नाही. सालीपासून खत होते, कॅफीन औषधांत जाते, छाटलेले लाकूड जळणाला येते. पेयाच्या रीती मात्र प्रदेशागणिक वेगळ्या. दक्षिणेत पितळी फिल्टरातून थेंब थेंब उतरलेला दाट अर्क, बहुधा चिकोरी मिसळलेला, गरम दुधात घालतात. मराठी घरात दुधातच पूड उकळून जायफळ किंवा वेलदोडा घालतात. माटुंग्यात दक्षिणेची माणसे वस्तीला आली तसे तिथल्या दुकानांत दाणे भाजून समोर दळून देणे सुरू झाले आणि फिल्टर कॉफीची चव मराठी मुंबईकरालाही लागली.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. सुमारे १,१०० मीटरची उंची आणि थंड हवा यामुळे ब्रिटिश काळात इथे लागवड झाली. क्षेत्र अगदी थोडे आहे आणि बाजारात त्याचे वजन नाही. पण सातपुड्याच्या या माथ्यावरही जुन्या वृक्षांखाली गर्द हिरवी, तुकतुकीत पानांची झुडपे उभी आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्यावर लाल फळे धरतात.